सासऱ्यांची गाडी आणि ब्रेडवाल्याचं इंजिन

गाडीचं इंजिन मीच मारलं, हे आधीच सांगून टाकतो. पुढं ऐकताना तुम्हाला वाटेल, लेथवाल्यानं मारलं, कचेरीतल्या कारकुनानं मारलं, नाहीतर आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीनं नजर लावून मारलं. तसं काही नाही. त्या सगळ्यांनी नंतर आपापला हात धुवून घेतला. पहिला हात माझा.

मी शिंपी आहे. सातवीत मला शाळेचा कंटाळा आला आणि शाळेला माझा, म्हणून दोघांनी समजुतीनं निरोप घेतला. तेव्हापासून मशीनवर बसलोय तो अजून उठलेलो नाही. गाडी सासऱ्यांची. चार दारांची, लांब डिकीची, राखी रंगाची, आमच्या लग्नापेक्षा वयानं मोठी. त्यांचे डोळे कमी पडायला लागले तेव्हा त्यांनी ती मला दिली. त्यांना दोन मुलगे, एक इंजिनिअर, एक बँकेत. दोघांनाही हवी होती. सासरेबुवा सगळ्यांसमोर म्हणाले, "गाडी जावयाला. त्याचा हात हळुवार आहे." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत त्या घरात माझ्याबद्दल बोललेलं हे पहिलं धड वाक्य. मी ते जपून ठेवलं होतं.

आता गाडी दिली म्हणजे कशी दिली? मुलगी देताना म्हणाले होते, "सांभाळा हं." दोन शब्द. गाडी देताना दोन तास. रोज सकाळी पाणी बघायचं. तेल बघायचं. इंजिन थंड असताना बघायचं. मी पहिलं वर्ष रोज बघितलं. दुसऱ्या वर्षी एक दिवसाआड. तिसऱ्या वर्षी आठवेल तेव्हा, आणि आठवायचं ते नेमकं इंजिन गरम असताना.

एका दुपारी गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला निघालो होतो. समोरचा काटा तांबड्यात गेला. मला वाटलं, काटाच बिघडला असेल. एवढा जुना काटा, त्याला काय कळतंय! मग बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी मनाशी म्हटलं, धुकं असेल. भर उन्हाळ्यात, दुपारी दोन वाजता. माणसाला स्वतःला फसवायचं असलं की फार अक्कल लागत नाही. मग आतून असा आवाज आला की जणू पत्र्याच्या डब्यात कुणीतरी खिळे टाकून डबा जिन्यावरून सोडला. आणि गाडी थांबली ती थांबलीच.

घरी आलो. बायको भाजी निवडत होती. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "पाणी बघितलं होतंत?"

"कुठलं पाणी?"

"म्हणजे नाही," ती म्हणाली, आणि पुढची जुडी घेतली.

बरं, संकट एकटं आलं असतं तर मी त्याला चहा देऊन बसवलं असतं. त्याच संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. सहा आठवड्यांनी येतोय, महिनाभर राहतो, आपल्या गाडीतून जरा हिंडू. "गाडी बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "विश्रांती घेतीय." हे खोटं नव्हतं.

फोन ठेवल्यावर बायकोनं मला समोर बसवलं. "हे बघा. मी बाबांना आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. सहा आठवडे आहेत तुमच्याकडं."

म्हणजे सहा आठवड्यांत गाडी चालू झाली पाहिजे. नाहीतर तो हळुवार हात, ते सव्वीस वर्षांत मिळालेलं एकमेव वाक्य, सगळं पाण्यात. त्या न घातलेल्या पाण्यात.

गाडी ढकलत डॉक्टरकडं नेली. हा डॉक्टर म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाचा मेकॅनिक. इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवतो, दुसरं टोक कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. बोलायची तऱ्हाही तीच. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकावला, हात पुसले.

"पेशंटचे नातेवाईक कोण?"

"मीच."

"फार उशीर केलात हो."

मी विचारलं, दुरुस्त? तो नुसताच मान हलवत राहिला. तसलंच दुसरं? तो म्हणाला, हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला, तसलं इंजिन आता फक्त कॅलेंडरवर मिळेल. मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "एक इंजिन आहे. भंगारवाल्याकडं. डिझेलचं, तब्येत ठणठणीत. टेम्पोचा सांगाडा सडला म्हणून निघालं."

"कसला टेम्पो?"

"ब्रेड वाटायचा."

मी म्हटलं, "अरे, ही पेट्रोलची, चार दारांची, घरंदाज गाडी."

तो म्हणाला, "घरंदाज माणसाला दुसऱ्याचं रक्त चढवत नाहीत का?"

मी खिशातून भंगारवाल्यासाठी पैसे काढले.

बातमी बिल्डिंगमध्ये माझ्याआधी पोचली. जिन्यात सभा भरली. सेक्रेटरी म्हणाले, "इंजिन बदलण्यापेक्षा गाडी बदला." हे सेक्रेटरी नोकरीतून निवृत्त झाले, पण नोटिसा काढायची सवय निवृत्त झालेली नाही. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, "असल्या वयात एवढं मोठं ऑपरेशन झेपेल का?" मी म्हटलं, "गाडीला?" त्या म्हणाल्या, "नाही, तुम्हाला." समोरचे काका म्हणाले, त्यांच्या साडूनं एकदा जीपमध्ये पाण्याच्या पंपाचं इंजिन बसवलं होतं. मी आशेनं विचारलं, "मग चालली?" "चालली की. विहिरीपर्यंत." एवढं बोलून ते घरात गेले. ते खरं सांगत होते की टिंगल करत होते, हे मला त्या साडूला भेटल्याशिवाय कळणार नाही.

इंजिन आलं. जुनं काढलं, ते चादरीत गुंडाळून आमच्या जिन्याखाली ठेवलं. आता खरी अडचण. नव्या इंजिनाचं तोंड आणि गाडीच्या गिअरबॉक्सचं तोंड एकमेकांना जुळेना. डॉक्टर म्हणाला, मधे एक जाड लोखंडी प्लेट घालावी लागेल, एका बाजूला याची भोकं, दुसऱ्या बाजूला त्याची. माप घेऊन लेथवाल्याकडून कापून आणा.

माप! इतके दिवस मी त्या गॅरेजमध्ये हात बांधून उभा होतो, कुणी 'जरा बाजूला व्हा' म्हणालं की बाजूला होत होतो. माप म्हटल्यावर माझी छाती दोन इंचांनी वाढली, आणि ती मी मोजू शकतो. मी टेप काढली. खाकी कागद अंथरला. टाचण्या, खडू. दोन्ही तोंडांवर कागद दाबून, भोकाभोकातून टोचून असा काही नमुना बेतला की डॉक्टर म्हणाला, "वा! एवढं तर आम्ही पोरीच्या साखरपुड्याच्या ब्लाऊजलाही करत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच काखेत फाटतात."

नमुना लेथवाल्याला दिला. दोन दिवसांनी प्लेट आली. चहूबाजूंनी बोटभर लहान! कडेची भोकं अर्धीच, चंद्रकोरीसारखी. बोल्ट घालायचा कशात?

मी तसाच लेथवाल्याकडं गेलो. जाडजूड माणूस, मिशीत लोखंडाचा कीस.

"अहो, बोटभर सोडलं कुठाय?"

"कसलं बोट?"

"शिलाईचं!"

त्यानं मशीन बंद केलं. "लोखंडाला शिलाई?"

आता बघा, आमच्या धंद्यात खडूची रेघ म्हणजे शिलाई. कापायचं ते रेघेच्या बाहेरून, बोटभर सोडून. हे शिकवावं लागत नाही, शिंप्याच्या घरात ते हवेतच असतं. आणि त्याच्या धंद्यात रेघ म्हणजे रेघ. केसभरही इकडं नाही, तिकडं नाही. त्यात त्याची इज्जत.

"मग रेघ मारली कशाला?" तो म्हणाला.

"शिवायला."

"मी शिवत नाही."

"ते दिसलंच."

शेवटी त्याच्याच दुकानात चहा झाला आणि चूक दोघांत वाटून घेतली. मी घरी येऊन नवा नमुना बेतला. म्हटलं, बिचाऱ्याला आपली पद्धत माहीत नाही, आपणच बोटभर वाढवून रेघ मारावी. आणि तिकडं तो म्हणाला, बिचारा शिंपी आहे, त्याची पद्धत तशी, आपणच रेघेच्या बाहेर बोटभर सोडावं. इतक्या सभ्यपणानं वागलो दोघं की दुसरी प्लेट चहाच्या ट्रेएवढी आली. गाडीखालून खाली लोंबायला लागली. गतिरोधकावर पहिली तीच उतरली असती. ती प्लेट आता आमच्या पाण्याच्या पिंपावर आहे. बायको म्हणते, एवढं घट्ट झाकण आजवर मिळालं नव्हतं.

तिसरी प्लेट डॉक्टरनं स्वतः बसून केली. मला टेपला हातही लावू दिला नाही.

इंजिन बसलं. बॉनेट लावायला गेलो तर बॉनेट इंजिनावर टेकून वीतभर वर राहिलं. ब्रेडवाल्याचं इंजिन उंच, आमची गाडी बसकी. डॉक्टर म्हणाला, "उघडं ठेवून चालवा." सेक्रेटरी तिथंच होते. ते जवळपास सगळीकडंच असतात. म्हणाले, "मग समोरचं दिसणार कसं?" नर्सबाईंनी विचारलं, "थोडं खाली दाबून नाही का बसवता येत?" काका म्हणाले, त्यांच्या साडूनं... मी म्हटलं, काका, आता साडू नको.

आणि मला सुचलं. बघा, पोट सुटलेलं गिऱ्हाईक येतं माझ्याकडं. मी त्याला कधी म्हणतो का, पोट कमी करून या? नाही. मी कपड्याला कळी, म्हणजे जादा तिकोनी तुकडा, घालतो. पोट आपल्या जागी सुखात राहतं, कपडाही बंद होतो. तसंच बॉनेटला मधोमध भोक पाडलं, आणि वर काळ्या रेक्झिनची टोपी शिवली. आठ कळ्यांची, दुहेरी शिलाईची, कडेनं पायपिंग. पत्र्याला भोकं पाडून घट्ट आवळली. डॉक्टरनं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं आदरानं बघितलं. मग हसू आवरेना त्याला. आदर गेला तो गेलाच.

किल्ली फिरवली. गाडी आधी थरथरली, मग खोकली, मग सुरू झाली. आरसा आपोआप खाली वळला. पुढच्या सीटवरची पिशवी चालत चालत दरवाज्यापर्यंत गेली. आवाज असा, धड-धड-धड-धड, जसं कुणीतरी आत परात बडवतंय. आणि पंख्याची हवा टोपीत शिरून ती टोपी फुगायची, बसायची, फुगायची, बसायची. गाडी श्वास घेत होती. खरं सांगतो, मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना, एक फेरी मारायला निघालो. पहिल्याच गल्लीत पटापट दारं उघडली. माणसं पिशव्या घेऊन बाहेर. एक आजी थेट गाडीसमोर उभ्या राहिल्या.

"दोन ब्रेड दे रे. कालचे नकोत."

"आजी, मी ब्रेडवाला नाही. शिंपी आहे."

"मग सकाळी सकाळी कशाला हिंडतोस?"

"गाडी बघतोय."

"आणि ब्रेड?"

"नाही हो."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी ब्रेड असून देत नाही हे त्यांना पुरतं कळलंय. पुढच्या गल्लीत तेच. तिसऱ्या गल्लीत एकानं खिडकीतून हात घालून मागच्या सीटवर चाचपून बघितलं. नंतर कळलं की त्या टेम्पोनं अकरा वर्षं याच भागात ब्रेड वाटला होता. लोकांना आवाज पाठ.

तिसऱ्या दिवशी खुद्द ब्रेडवाला दुकानात आला. नव्या टेम्पोचा मालक, चेहरा पडलेला. "शेठ, माझी गिऱ्हाइकं तुमच्या मागं धावतात आणि मी येतो तेव्हा दार उघडत नाहीत." मी माफी मागितली. तो म्हणाला, "एकदा बघू का?" त्याला गाडीपाशी नेलं. त्यानं रेक्झिनच्या टोपीवर हात ठेवला. मग म्हणाला, "सकाळी जरा रुसतो तो. किल्ली दोनदा फिरवायची. शिवी द्यायची नाही, शिवी दिली की मग दुपारपर्यंत नाही." आणि गेला. जाताना एक ब्रेड ठेवून गेला. तो मी त्या आजींना नेऊन दिला. त्या म्हणाल्या, "होता ना! तरीच."

सेक्रेटरींनी बोर्डावर नोटीस लावली: आवारात खाद्यपदार्थ विकणाऱ्या वाहनांस मनाई आहे. खाली दुसरी: जिन्याखाली कोणतेही इंजिन ठेवू नये. आमच्या बिल्डिंगमध्ये 'कोणतेही इंजिन' एकच होतं. वर मला जिन्यात गाठून म्हणाले, "आणि कचेरीत नोंद केलीत का? इंजिन बदललं की नोंद लागते. नाहीतर रस्त्यात धरतील आणि गाडी जप्त."

सासरेबुवा यायला चार दिवस राहिले होते. मी दुकान बंद करून वाहनांच्या कचेरीत गेलो. चार नंबरच्या खिडकीत एक कारकून होते. त्यांचा आवाज हळू आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"गाडी कुणाची?"

"आमची."

"पुस्तकात नाव?"

"सासऱ्यांचं."

"मग तुमची कशी?"

"त्यांची मुलगी माझ्याकडं आहे."

"मुलींची नोंद आम्ही ठेवत नाही," ते म्हणाले. "मालकाला घेऊन या. आणि जुनं इंजिन आणा."

"इंजिन? इथं?"

"नंबर बघायला. नुसती छाप आणा म्हटलं की लोक बटाट्यावर कोरून आणतात."

मी खिडकीशीच थोडा वेळ उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "काका, बरं वाटत नाही का?" काय सांगणार त्याला! ज्या माणसापासून लपवायला मी सहा आठवडे लोखंड शिवत होतो, त्याच माणसाला बोटाला धरून इथं आणायचं होतं, आणि सोबत ते मेलेलं इंजिन.

सासरेबुवा आले. मी भाड्याची गाडी करून आणायला गेलो. "आपली कुठाय?" "घरी." माझं ठरलं होतं, आधी चहा, मग खायला काहीतरी, मग हळूच विषय काढायचा. पण मी चहा टाकायला आत गेलो तेवढ्यात ते काठी घेऊन खाली उतरले. खिडकीतून बघतो तर ते गाडीच्या पुढ्यात उभे, डोळे बारीक करून, काठीच्या टोकानं रेक्झिन टोचून बघतायत.

मी धावत खाली गेलो.

"जावईबापू," ते म्हणाले, "गाडीला गळू झालंय का?"

मी सगळं सांगितलं. पाणी न बघितल्यापासून ब्रेडपर्यंत सगळं, तिथंच, उन्हात, हात मागं बांधून, शाळेत सांगायचो तसं. सेक्रेटरी पाणी घालायच्या निमित्तानं कुंड्यांजवळ आले होते. त्यांनी एकाच कुंडीत अर्धी बादली ओतली. माझं बोलणं संपलं. सासरेबुवा काठी टेकत वर गेले आणि खुर्चीत बसले.

जेवायला बसले तेव्हाही गप्प. बायकोनं विचारलं, "बाबा, भाजी तिखट झालीय का?" "नाही." "मग?" "काही नाही." मी ताटातला एक घास साठ वेळा चावला. रागावले असते, ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी तर माझ्याकडं बघायचंच सोडलं होतं. मी बायकोला आत जाऊन म्हटलं, "संपलं गं. आता परत तुझा भाऊच हळुवार." ती म्हणाली, "गप्प बसा, ताक घ्या."

सकाळी ते आधीच तयार होऊन बसले होते. "चला, कचेरीत." जुनं इंजिन मी आणि डॉक्टरनं हातगाडीवर चढवलं. चादर तशीच गुंडाळलेली. वाटेत दोन जणांनी हातगाडीकडं बघून टोपी काढली. एकानं विचारलं, "कधी गेले?" डॉक्टर म्हणाला, "सहा आठवडे झाले." तो माणूस नाकाला रुमाल लावून लांब झाला.

कचेरीच्या आवारात कारकून बाहेर आले. हातात गाडीचं पुस्तक. गुडघे टेकून त्यांनी चादर बाजूला केली, फडक्यानं नंबर पुसला. पुस्तकात बघितलं. पुन्हा इंजिनावर बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे या गाडीचं इंजिन नाही."

"म्हणजे?" मी म्हटलं. "मी डोळ्यांदेखत काढलंय!"

"असेल. पण पुस्तकातला नंबर वेगळा. हे कुणाचं तरी दुसरंच आहे." मग माझ्याकडं बघत म्हणाले, "कुठून आणलंत?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. एक तर इंजिन मारलं, त्यात आता चोरीचा आळ. मी डॉक्टरकडं बघितलं, डॉक्टरनं इंजिनाकडं. हातगाडीवाला दोन पावलं मागं सरकला. मी शपथा घ्यायला लागलो, आईची, मुलांची, मशीनची.

तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"त्यांना कशाला विचारता?" सासरेबुवा म्हणाले. "मला विचारा."

सगळे वळले. सासरेबुवा ताठ उभे होते, पण कान लाल झाले होते. ऐंशीच्या माणसाचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच बघितले.

"गाडी चार वर्षांची होती तेव्हा," ते म्हणाले, "तेल संपलं होतं. मी बघितलं नाही. घाटात जाम झालं." मग घसा साफ केला. "एक ठोकलेली गाडी विकायला होती, अगदी अशीच. तिचं इंजिन काढून बसवलं. नोंद करायची राहिली."

"किती वर्षं झाली?" कारकुनांनी विचारलं.

"एकतीस."

"आणि एकतीस वर्षांत नोंद राहूनच गेली?"

"घरी कळलं असतं," सासरेबुवा म्हणाले.

कारकुनांनी एवढ्या मोठ्या नोकरीत बरंच ऐकलं असणार. तरी त्यांनी चष्मा पुन्हा एकदा पुसला. मग उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "दोन्ही बदलांचे जबाब लिहून द्या. वेगवेगळे. मालकाच्या सहीनं. आणि नाव एकदाचं बदलून घ्या, नाहीतर तिसऱ्यांदा याल."

परतताना आम्ही हातगाडीच्या मागून चाललो. बऱ्याच वेळानं सासरेबुवा म्हणाले, "रात्री झोप लागली नाही मला. म्हटलं, यांना रागवायचं म्हटलं तर कुठल्या तोंडानं?"

"मला वाटलं तुम्ही माझ्यावर..."

"त्या दोन तासांच्या सूचना," ते म्हणाले, "मला कुणी दिल्या नव्हत्या हो."

मी त्यांच्या हाताला धरलं. रस्ता सपाट होता, गरज नव्हती. तरी धरलं.

आता अडचण एकच राहिली. माझं अक्षर म्हणजे कोंबडी कागदावरून गेल्यासारखं, आणि सासऱ्यांना डोळ्यांनी दिसेना. लिहायला घरात एकच माणूस. आम्ही दोघं तिच्या समोर जाऊन बसलो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही नाही. पेन उघडलं. "पहिला जबाब. इंजिन बदलण्याचं कारण?"

"जुनं झालं होतं, असं लिही," सासरेबुवा म्हणाले.

"बाबा, चार वर्षांत?"

"मग... अचानक बिघाड."

तिनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "तेल बघितलं नाही." मग माझ्याकडं वळली. "दुसरा जबाब. कारण?"

"तूच लिही," मी म्हटलं.

"शहाणे आहात." लिहिलं. मग एकदम म्हणाली, "आईला माहीत होतं."

सासऱ्यांची काठी खाली पडली.

"घाटातून त्या वेळी तुम्ही ट्रकमध्ये बसून आला होतात. आईनं मला सांगितलं होतं, तुझे बाबा सांगतील तेव्हा आपल्याला नवीन आहे असं दाखवायचं. वाट बघत होती बिचारी. तुम्ही सांगितलंच नाहीत."

सासरेबुवांनी वाकून काठी उचलली. मग नाक शिंकरून म्हणाले, "पुढचं लिही."

पुढचा कागद नाव बदलण्याचा. नव्या मालकाचं नाव, या रकान्यात माझं नाव येईल म्हणून मी आपला शर्ट नीट केला. तिनं स्वतःचं नाव लिहिलं. विचारलं नाही, थांबलीही नाही. कागद फिरवून आमच्यासमोर धरला. सासऱ्यांनी मालक म्हणून सही केली. मी साक्षीदार म्हणून.

सकाळी गाडी तपासणीला न्यायची होती. मी किल्लीकडं हात केला, ती तिच्या पर्समध्ये होती. मी पुढच्या सीटकडं गेलो, तिकडून सासरेबुवाही आले. ती म्हणाली, "दोघंही मागं बसा." आम्ही बसलो. तिनं दोनदा किल्ली फिरवली, शिवी दिली नाही, आणि गाडी धडधडत निघाली.

चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा सासरेबुवा माझ्याकडं सरकले. तोंडावर हात धरून कानाशी म्हणाले, "जावईबापू, एक राहिलंच सांगायचं."

"काय?"

"गिअरबॉक्सही मूळचा नाही."

मी डोळे मिटले. "हळू बोला, बाबा."

पुढून आवाज आला, "काय म्हणालात?"

"काही नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.